सांधा हळूच सरकला पाहिजे

काल रात्री माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरचा चौथा सांधापण (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतो तो) कॉइलवरून मोटरवर आणला, आणि आता कुठे मनासारखं झालंय. माझा लेआउट एचओ मापाचा आहे, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, आठ बाय चार फुटांच्या प्लायवर.

आधी सगळीकडे सांधा बदलायला दोन कॉइलवाली मशिन्स होती. बटण दाबलं की खाट्कन पट्टी, म्हणजे सांध्याचा सरकता रूळ, पलीकडे. स्वस्त, बसवायला सोपी, पण त्यात करंट फक्त क्षणभरच जायला पाहिजे, आणि मागच्या पावसाळ्यात एक बटण दाबलेलं वर आलंच नाही, मी दुसऱ्या टोकाला डबे जोडत बसलेलो, जळका वास आला म्हणून खाली वाकून बघतो तर कॉइलचं प्लास्टिक वितळून लोंबतंय. कॉइलच वापरणार असाल तर मध्ये कपॅसिटरवालं युनिट घालाच, ते साठवलेला झटका एकदाच देतं, मग बटण अडकलं तरी कॉइल वाचते.

पण मला मुळात तो खाट्कन आवाजच खटकायचा. स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून बघा, खरा सांधा आधी लॉकमधून सुटतो, मग पट्ट्या सरकतात, मग परत लॉक होतो, ह्याला काही सेकंद जातात.

म्हणून टॉर्टॉइज, म्हणजे सांधा हळू सरकवणारं मोटरवालं मशीन. आत छोटी मोटर आणि गिअर, पट्टी इकडून तिकडे जायला तीनेक सेकंद, आणि टोकाला पोचली की मोटर तशीच अडून उभी राहते, सप्लाय चालूच! जळेल अशी मला भीती होती, पण १२ व्होल्टला अडलेली असताना ती जेमतेम १६ मिलिअँपिअर घेते आणि त्याच जोरावर पट्टी रुळाला दाबून धरते. पेको कंपनीचा पॉइंट (म्हणजे सांधाच) असेल तर त्यातली बारकी स्प्रिंग काढून टाका, नाहीतर निम्म्यात पट्टी उडी मारते.

पॅनेलवर डीपीडीटी टॉगल, म्हणजे सहा टर्मिनल्सचे दुहेरी स्विच लावलेत, कोपऱ्यातली टर्मिनल्स तिरक्या वायरने जोडली की पोलॅरिटी उलटते. मोटरच्या वायरमध्येच सिरीजमध्ये लाल-हिरवा एलईडी टाकलाय, त्याच करंटवर पेटतो, वेगळा रेझिस्टर नको, आणि लांबून कळतं सांधा कुठे लागलाय.

सगळ्यात मोठा फायदा मात्र फ्रॉगचा. दोन रूळ एकमेकांना छेदतात तो व्ही प्लास्टिकचा असला की माझं चार चाकांचं शंटर (डबे हलवणारं छोटं इंजिन) तिथे वीज न मिळून हमखास बंद पडायचं, बोटाने ढकलावं लागायचं. धातूचा फ्रॉग घेतला तर त्याची पोलॅरिटी सांध्याबरोबर बदलावी लागते, आणि त्यासाठीचे कॉन्टॅक्ट ह्या मशीनच्या आतच असतात, एक वायर फ्रॉगला आणि दोन रुळांना, झालं. काल अगदी कमी स्पीडला ते शंटर चारही सांध्यांवरून न अडखळता गेलं, मी सहा वेळा पाठवलं.

यार्डातले तीन अजून हातानेच बदलतोय, तिथे सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) लावून बघणार आहे.