डॉसवाला म्हणजे रिकामा

भाच्यासाठी लॅपटॉप घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने एकाच मॉडेलच्या दोन किमती सांगितल्या. विंडोज असलेला महाग आणि डॉसवाला काही हजारांनी स्वस्त. डॉसवाला म्हणजे काय, असे भाच्याने विचारले, त्यावर "रिकामा रे, आत काही नसतं" असे उत्तर मिळाले. विंडोजच्या आधी संगणक चालवणाऱ्या ज्या डॉस प्रणालीच्या, टाइप करून द्यायच्या आज्ञा पाठ करण्यासाठी मी कॉलेजात असताना क्लासची फी भरली होती, तिचे नाव आता बाजारात 'काही नाही' या अर्थाने चालते, हे मला त्या काउंटरपाशी उमगले आणि थोडे लागलेही.

वास्तविक तो लॅपटॉप रिकामा नव्हता. त्यात फ्रीडॉस होते. मायक्रोसॉफ्ट आता डॉसचा गाशा गुंडाळणार, अशी चिन्हे दिसू लागल्यावर जिम हॉल या पदार्थविज्ञान शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याने जून १९९४ मध्ये सर्वांसाठी मोफत असे डॉस लिहिण्याचा संकल्प जाहीर केला आणि जगभरातल्या हौशी मंडळींच्या हातभाराने तो इतक्या सावकाश तडीस गेला, की पहिली पूर्ण आवृत्ती २००६ साली आली. पुढच्या आवृत्त्या आजही निघतात. म्हणजे ज्याला आपण गेलेला समजतो, तो मागच्या खोलीत अजून दोन वेळा जेवतो आहे.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला एवढ्याने समाधान नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एमएस-डॉस ४.०० या आपल्या जुन्या डॉसचा मूळ कोड खुला केला, तेव्हापासून या सहकाऱ्यांनी धोशा लावला आहे, की आता कोणीतरी नव्या यंत्रांसाठी नवे डॉस करावे, त्यात भरपूर मेमरी वापरता यावी, इंटरनेट असावे आणि तरीही ते चुटकीसरशी सुरू व्हावे. त्यांचे म्हणणे ऐकताना मोह होतो. तथापि डॉस चपळ होते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने ही इच्छा पुरी होण्यासारखी नाही. डॉस एका वेळी एका प्रोग्रॅमला सारे यंत्र बहाल करून स्वतः जवळजवळ बाजूला होत असे. तो प्रोग्रॅम पडद्याच्या मेमरीत थेट लिहू शके आणि चुकला तर डॉसच्या स्वतःच्या जागेवरही लिहून मोकळा होई, कारण त्याला अडवणारे कोणीच नसे. असे बिनकुलुपाचे घर इंटरनेटच्या रस्त्यावर उघडे ठेवता येत नाही आणि कुलपे बसवावीत, प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी खोली द्यावी, तर ज्या जुन्या प्रोग्रॅमांसाठी हा खटाटोप करायचा, तेच दारात अडून बसतात. कुलपे लावलेले, अनेकांना एकत्र नांदवणारे घर हवे असेल, तर लिनक्स या मोफत प्रणालीच्या रूपाने ते केव्हाच बांधून झाले आहे. फ्रीडॉसवाल्यांनी १६ बिटांची, म्हणजे जुन्या प्रोसेसरांची, मर्यादा सोडली नाही, यात मला हट्टापेक्षा शहाणपण जास्त दिसते.

यंत्रेही आता तशी राहिलेली नाहीत. कळफलक, डिस्क यांच्याशी बोलण्यासाठी डॉस ज्या बायोसवर, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रॅमवर, विसंबून असे, ते जुने बायोस नव्या यंत्रांतून हद्दपार होत चालले आहे. त्यामुळे काही नव्या लॅपटॉपांवर खोक्यावरचा 'डॉस' हा शब्द पाळण्यासाठी आधी लिनक्स सुरू होते, त्याच्या पोटात एक आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने भासवलेला, संगणक उभा राहतो आणि त्यात फ्रीडॉस चालते. डब्यात डबा, त्यात डबा आणि सर्वांत आतल्या डब्यात तो लुकलुकणारा कर्सर.

शिवाय मराठी माणसाने डॉसच्या आठवणीने फार हळवे व्हावे, अशी परिस्थितीही नव्हती. फाइलच्या नावाला आठ अक्षरे, तीही रोमन. लग्नपत्रिकेची फाइल 'लग्नपत' होऊन बसे आणि ही पत वराची की वधूची, असा विनोद आमच्याकडे दर मोसमात होई. देवनागरी तर डॉसला ठाऊकच नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेले आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपाने संगणकाच्या आत बसवावे लागे, तेव्हा पडद्यावर मराठी उमटे. मी नोकरी करत होतो त्या ठिकाणी एकाच संगणकात ते कार्ड होते आणि मराठी पत्र टाइप करायचे, तर त्या खुर्चीसाठी नंबर लावावा लागे. इंग्रजीला मात्र कोणतीही खुर्ची चाले. आपली भाषा त्या घरात पोटभाडेकरू होती. तरीही त्या कार्डाच्या निमित्ताने भारतीय लिप्यांसाठी जी इस्की नावाची संकेतरचना घडली, तिचाच अक्षरक्रम युनिकोड या जगातल्या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतरचनेने देवनागरीसाठी उचलला आणि आज मोबाइलवर आपण मराठीत निरोप धाडतो, त्याच्या तळाशी तो क्रम आहे. डॉसच्या काळातले जे पुन्हा जिवंत व्हावे असे मला वाटत होते, ते माझ्या नकळत झालेलेच आहे.

मग डॉस कशासाठी हवे? जुने उघडण्यासाठी. माझ्याकडे फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले एका पतपेढीचे हिशेब आहेत, मी पहिल्यांदा स्वतः लिहिलेला पगारपत्रकाचा प्रोग्रॅम आहे. नव्या संगणकातल्या आभासी डब्यात फ्रीडॉस सुरू करून वर्षातून एखाद्या वेळी ते पाहतो. त्यासाठी डॉसला नटवण्याची गरज नाही; ते होते तस्से असावे, हीच त्याची उपयुक्तता. जुन्या कुलपाची किल्ली जपताना तिला नवे दाते पाडून चालत नाही.

विंडोज टाकण्याआधी एकदा मला बसू दे, अशी भाच्याला विनंती केली. त्याने लॅपटॉप सुरू करून दिला. काळ्या पडद्यावर मी 'डीआयआर' टाइप केले, यादी झरझर वर सरकली, मी 'सीएलएस' म्हणून पडदा पुसला आणि खुर्चीवरून उठलो. "मामा, हे बंद कसं करायचं?" त्याने विचारले. आमच्या वेळच्या डॉसला बंद करण्याची आज्ञाच नसे. कर्सर लुकलुकत असला, की सरळ बटण दाबायचे.

"असंच?" तो म्हणाला आणि बटणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहत राहिला.