ऑइल बदललं आणि सकाळचा पहिला स्टार्ट खडखडायला लागला: माझा अनुभव

थंड इंजिनाची तक्रार घेऊन गरम इंजिनासकट वर्कशॉपला जाऊ नका. एवढी एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कळली असती तर माझे नऊ दिवस वाचले असते. अजूनही त्या दिवसांचा राग गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय.

ट्रक सर्व्हिसिंगला दिला, ऑइल आणि फिल्टर बदलला, संध्याकाळी गाडी ताब्यात आली. दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ मारला आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूने असा आवाज आला की मी लगेच चावी मागे फिरवली. पत्र्याच्या डब्यात साखळी घालून कुणी जोरात हलवावी, तसा. छातीत धस्स झालं. बॉनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, गळती कुठेच नव्हती. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली, पातळी दोन खुणांच्या मध्ये. पुन्हा सेल्फ मारला तर आवाज गायब. दिवसभर गाडी चालवली, एकदाही कुरकुर नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. या वेळी मी चावी मागे फिरवली नाही, मोबाईल डॅशबोर्डसमोर धरून चित्रण केलं. ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझायला पाच सेकंद लागले, आणि दिवा विझला तसा आवाजही बसला. सर्व्हिसिंगच्या आधी हाच दिवा इंजिन पकडताक्षणी विझायचा. इतकी वर्षं रोज पहाटे तो दिवा पाहिलाय, त्यामुळे फरक लगेच जाणवला.

पाच सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि त्या थराला लागणारं ऑइल पंप दाबाने पुरवतो. दाब येईपर्यंत आदल्या दिवशीचं जे काय ऑइल चिकटून राहिलंय त्याच्यावरच सगळं फिरतं. माझ्या इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी साखळी) आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतो. दाब नाही म्हणजे चेन ढिली, आणि ढिली चेन कव्हरवर आपटते. रोज पहाटे पाच सेकंद हे होऊ द्यायला माझं मन तयार नव्हतं.

आता वर्कशॉप.

पहिल्या दिवशी मी गाडी चालवतच तिथे गेलो. पोहोचेपर्यंत पाऊण तास झालेला, टेंपरेचरचा काटा मधोमध. सुपरवायझरने बॉनेट उघडलं, रेस दिली, कान लावला आणि म्हणाला, "साहेब, इंजिन तर मक्खन चाललंय. आवाज कुठे आहे?" मी म्हटलं, आवाज सकाळी येतो. तो म्हणाला, "मग सकाळी घेऊन या." सकाळी घेऊन यायची म्हणजे चालवतच आणायची, आणि चालवत आणली की आवाज नाही. हे त्याला दोनदा समजावलं. त्याने मान हलवली आणि जॉबकार्डवर लिहिलं: "आवाज आढळला नाही." ते तीन शब्द वाचून माझं डोकं फिरलं. न ऐकलेला आवाज आणि नसलेला आवाज यांत फरक आहे, आणि कागदावर तो फरक पुसला गेला होता.

मग ठरलं की गाडी रात्रभर तिथेच ठेवायची आणि सकाळी माझ्यासमोर सुरू करायची. एक दिवसाचं भाडं सोडून गाडी ठेवली. सकाळी उघडायच्या आधी दारात हजर झालो, तर माझी गाडी आदल्या संध्याकाळच्या जागेवर नव्हती. सकाळी लवकर दुसरी गाडी रॅम्पवर घ्यायची होती, म्हणून माझी तासाभरापूर्वी सुरू करून मागच्या मोकळ्या जागेत नेली होती. बॉनेटवर हात ठेवला, कोमट लागलं. रात्रभर वाट पाहून मिळणारा एकुलता एक स्टार्ट कुणीतरी पार्किंगसाठी वापरून टाकला. ज्याने गाडी हलवली त्या पोराला विचारलं, आवाज आला का? तो म्हणाला, लक्ष नव्हतं.

थंड स्टार्टची हीच पंचाईत आहे. चाचणी चोवीस तासांत एकदाच मिळते. चुकली की पुढची उद्या.

मी चित्रण दाखवलं. सुपरवायझर म्हणाला, मोबाईलमध्ये सगळेच आवाज मोठे येतात. मग स्वतःहून दोन उपाय सांगितले: एक तर जाड ऑइल टाकू, नाहीतर टायमिंग चेन सैल झालीय, इंजिनाचा पुढचा भाग खोलू. मी विचारलं, चेन सैल झाली ती नेमकी ऑइल बदलल्याच्या रात्रीच कशी झाली? आदल्या सकाळपर्यंत तीच चेन गप्प होती. याचं उत्तर आलं नाही. फक्त "खोलल्याशिवाय कळणार नाही" एवढंच.

जाड ऑइलचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, म्हणून इथे थांबून सांगतो. ऑइलच्या १५ डब्ल्यू ४० या ग्रेडमधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडपणी ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावर किती जाड राहतं ते. गाडीच्या पुस्तकात १५ डब्ल्यू ४० लिहिलं असताना २० डब्ल्यू ५० ओतलं, तर गरम इंजिनाचा एखादा आवाज कदाचित दबेल, पण थंड स्टार्टला तेच ऑइल वरपर्यंत चढायला आणखी वेळ घेईल. माझा त्रास थंडपणीचा होता. बिलावरचा ग्रेड मी पुस्तकाशी ताडून पाहिला, तो बरोबर होता. म्हणून त्याला हात लावू दिला नाही.

त्या रात्री झोप नव्हती, तेव्हा सुचलं की किती वेळ उभी राहिल्यावर आवाज येतो ते तरी पाहावं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबून थांबून पाहिलं. तासभर उभी ठेवली, काही नाही. चार तासांनी अर्धा सेकंद हलकी खडखड. रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण पाच सेकंद. म्हणजे उभ्या गाडीत काहीतरी हळूहळू रिकामं होत होतं. हा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता, स्वतः बसून काढला, आणि तिथूनच गाठ सुटायला लागली.

आमच्या लाईनवर एक जुने ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "फिल्टर आडवा बसतो का उभा?" माझा आडवा. म्हणाले, "अरे, मग उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी फिल्टर काढ आणि हातात धरून बघ. भरलेला आहे का रिकामा."

पहाटे खाली ट्रे लावला आणि फिल्टर सोडवला. आडवा फिल्टर काढताना ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, त्यासाठी चिंधी गुंडाळून तयार होतो. जेमतेम चार थेंब पडले. फिल्टर हातात आला तो रिकाम्या डब्यासारखा हलका.

फिल्टरच्या तोंडावर मधल्या आट्यांभोवती लहान भोकांचं कडं असतं, त्याच्या आत रबराची एक चकती असते. इंजिन बंद झालं की ही चकती भोकं झाकते आणि फिल्टरमधलं ऑइल पंपातून खालच्या चेंबरमध्ये (ऑइल साठतं तिथे) परत जाऊ देत नाही. ती नीट बसली नाही तर रात्रभरात फिल्टर उपसला जातो, आणि सकाळी पंपाला आधी तो डबा भरावा लागतो, मग पुढे चेनपर्यंत आणि वर टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांपर्यंत) ऑइल जातं. माझे पाच सेकंद तिथे जात होते. सर्व्हिसिंगच्या वेळी काढलेला जुना फिल्टर मी सवयीने परत मागून घेतला होता. बोथट काडीने दोन्हींची चकती दाबून पाहिली. जुन्याची मऊ होती, दाब सोडला की टपकन जागेवर यायची. नव्याची ताठ होती आणि एका कडेने उघडीच राहायची. एवढं वापरून काढलेलं रबर मऊ आणि नवं कोरं रबर ताठ! साधं रबर उष्णतेने कडक होत जातं, सिलिकॉनचं जास्त काळ लवचिक राहतं. पण ही चकती तर सुरुवातीपासूनच नीट बसत नव्हती.

पुस्तकातल्या नंबरचा फिल्टर आणून मी स्वतः बसवला. इंजिनाच्या तोंडाला जुनं गॅस्केट (फिल्टरच्या कडेची रबरी रिंग) चिकटून राहिलेलं नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. दोन गॅस्केट एकावर एक बसले तर ऑइल धो धो बाहेर येतं. नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट लावलं, टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळला. किती आवळायचं ते फिल्टरवर छापलेलं असतं, तेच पाळा, पाना लावून आवळू नका. फिल्टर आधी भरून लावायचा की नाही यावर मतं वेगळी आहेत. मी कोराच लावला, कारण मधल्या भोकातून ओतलेलं ऑइल न गाळता थेट बेअरिंगकडे जातं.

नवा फिल्टर लावल्यावरचा अगदी पहिला स्टार्ट थोडा खडखडणारच, कारण डबा रिकामाच असतो. तेव्हा रेस देऊ नका, दिवा विझू द्या. माझाही खडखडला. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे हात थरथरत होता, खोटं नाही सांगत. सेल्फ मारला, इंजिनाने पकडलं आणि दिवा विझला. बस्स. डिझेलची नेहमीची थंड ठकठक तेवढी होती. मी दहा मिनिटं तिथेच बसून ती ऐकत राहिलो.

आवाज मिनिटभर किंवा जास्त टिकत असेल, तर मात्र या फिल्टरच्या मागे लागू नका. एक्झॉस्टचं गॅस्केट फुंकत असेल तरी थंडपणी टिकटिक येते आणि लोखंड तापून फुगलं की थांबते. दिवा वेळेवर विझूनही आवाज येत असेल तर कारण बहुतेक वेगळं आहे. आणि गरम इंजिनालाही दिवा लुकलुकत असेल तर गाडी जागेवर बंद करा, चालवत कुठेही नेऊ नका.

वर्कशॉपला दोन्ही फिल्टर घेऊन गेलो. सुपरवायझरने काडीने दोन्ही चकत्या दाबून पाहिल्या, बराच वेळ काही बोलला नाही, मग स्टोअरमधून त्याच खोक्यातले उरलेले फिल्टर मागवले. जॉबकार्डवर मी त्याच्याकडून नवी ओळ लिहून घेतली: "फिल्टर सदोष, बदलल्यावर थंड स्टार्टला आवाज नाही." खाली सही घेतली.

एक राहिलंच. गाडी रात्रभर ठेवायची वेळ आली तर जॉबकार्डवर "ग्राहक येईपर्यंत सुरू करू नये" असं लिहून घ्या, तोच कागद स्टिअरिंगला बांधा, आणि जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर स्वतः काढून ठेवा.