डावीकडचा तीन

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून फोन आला. "साहेब, जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर झोपतो. एक चलन निघायला दहा मिनिटं लागतात. बघायला गेलं की ठणठणीत!"

सर्व्हर म्हणजे सेंटओएस ६ या लिनक्स प्रणालीवर चालणारा जुना डबा. त्याचे अपडेट नोव्हेंबर २०२० मध्येच बंद झाले, पण चलनाचा प्रोग्राम नव्यावर चालेना म्हणून तो तसाच राहिला.

मुद्दाम जेवणाच्या वेळी गेलो. सर्व्हर स्टोअरच्या कोपऱ्यात होता, पण त्याला हात न लावता ऑफिसातूनच लॅपटॉपवरून आत शिरलो. कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती खातोय ते दाखवणारं टॉप मारलं, तर पहिल्या ओळीत चक्क ॲटलांटिस. स्क्रीनसेव्हर! शार्क, देवमासे वगैरे पोहतात तो. ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे मासे पोहवायचं सगळं ओझं प्रोसेसरवर. माऊस हलला की मासे गायब आणि सर्व्हर पुन्हा ठणठणीत. पण हे मशीन मी स्वतः लावलं होतं, नुसत्या काळ्या पडद्यावर सुरू होणारं.

सोबतच्या मुलाने सवयीने सिस्टमसीटीएल मारलं, नव्या लिनक्समध्ये सेवा तपासायची कमांड. कमांड नॉट फाउंड. असणार कुठून? ती ज्या सिस्टमडीसोबत येते, ते सेंटओएसचं मूळ असलेल्या रेड हॅटच्या ७ पासूनचं, २०१४ चं.

"रनलेव्हल टाईप कर."

मशीन कोणत्या पातळीवर चालतंय ते ही कमांड सांगते; तीन म्हणजे नुसता काळा पडदा. उत्तर आलं: ३ ५.

"पाच, म्हणजे ग्राफिकल," तो म्हणाला.

"डावीकडचा वाच."

उजवा आकडा आत्ताची पातळी सांगतो, डावा त्याआधीची. मशीन सुरू होऊन थेट पाचवर आलं असतं, तर डावीकडे एन, म्हणजे 'आधीची पातळी नाही', दिसला असता. हे तीनवर नीट सुरू झालं होतं, मग कुणीतरी हाताने पाचवर नेलं. मशीन कोणत्या पातळीवर सुरू व्हायचं ते जिथे लिहिलेलं असतं ती इनिटटॅब फाइल उघडून पाहिली, तिथेही तीनच होता. सगळे उजवा आकडा वाचतात आणि भांडण डावीकडे असतं.

स्टोअरच्या काकांनी शांतपणे खिशातली वही काढली. जुन्या सर्व्हिसवाल्याच्या अक्षरात: रूट, पासवर्ड, इनिट ५. म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं आणि मशीन पाचवर नेणारी कमांड.

"ड्रॉइंग बघायला लागतात हो. आणि जेवताना मासे छान दिसतात."

इनिट ३ मारलं. इथे दोन्ही पातळ्यांवर बाकी सेवा त्याच होत्या, गेला तो फक्त ग्राफिकल पडदा, त्यामुळे कुणाचं चलन अडकलं नाही. रनलेव्हल आता ५ ३ म्हणत होतं. ड्रॉइंगसाठी काकांना ऑफिसातला जुना लॅपटॉप दिला आणि रूटचा पासवर्ड बदलला.

निघताना काकांनी पेन उघडलं. "नवीन पासवर्ड काय ठेवलात? लिहून ठेवतो."