एकादशीवाल्या घरातला पोरगा आणि शारजातला रोजा

आमच्या अमळनेरच्या घरात उपवासांना तोटा नाही. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, वर आईचे गुरुवार वेगळे. त्यामुळे इकडे शारजाला आल्यावर ऑफिसातली मंडळी महिनाभर रोजे धरतात याचं मला काही फार अप्रूप वाटलं नव्हतं, आपण काय कमी उपास केलेत का असंच मनात होतं. पण खरं सांगू का, आपला उपास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, मधे केळीचे वेफर्स, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच जातात. पाणीसुद्धा बंद असे उपास घरात मोजकेच, त्यातली हरतालिका बायकांची, म्हणजे आम्ही पुरुषमंडळी तिथूनही सुटलेले.

इकडे रमजानात कामाचे दोन तास कमी होतात, कायद्यानेच, आणि ते सगळ्यांना, रोजा असो नसो. दुबईत २०२१ पासून हॉटेलांना दिवसा पडदे लावायची सक्तीही राहिली नाही. म्हणजे माझ्यासारख्याला खाण्यापिण्याची अडचण काहीच नव्हती, ऑफिसच्या पॅन्ट्रीत दार लावून डबा खायचो. पण बाहेर दहा माणसं कोरड्या तोंडाने काम करतायत आणि मी आत मेथीचं फोडणीचं वरण ओरपतोय, हे काही घशाखाली उतरेना. शेवटी आमच्या ड्रायव्हरला विचारलं. तो पेशावरकडचा, त्याला आम्ही लाला म्हणतो. म्हटलं लाला, मी धरला तर चालेल का? तो म्हणाला, "धर ना यार, कोण अडवतंय, फक्त सेहरी चुकवू नको."

मग काही रोजे धरले, सगळे नाही. नमाज वगैरे मी करत नाही, फक्त उपास. घरी व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर आई म्हणे, "पानी बी नही पेवानं? येडा व्हयना का तू?" बाबांना मात्र मजा वाटली.

सेहरी म्हणजे पहाटे उजाडायच्या आधीचं खाणं. मोबाईलमधल्या टाइमटेबलात फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, आधी इमसाक म्हणून एक वेळ असते, साधारण दहा मिनिटं आधीची, म्हणजे आता आवरा, हात धुवा. रोजा खरा फजरच्या अजानला सुरू होतो. मी पहिल्या दिवशी काय केलं तर उठून दोन तांबे पाणी एकदम प्यायलो, उंटासारखं साठवता येईल असं वाटलं असावं, आणि ते सगळं साडेसातपर्यंत निघून गेलं. सुदानचा स्टोअरकीपर हसला, म्हणाला दही खा, केळं खा, खारट खाऊ नको. लोणचं बंद केलं त्या दिवसापासून. खान्देशी माणसाला लोणच्याशिवाय जेवायला सांगणं हीच एक तपश्चर्या आहे, पण फरक पडतो.

भूक त्रास देत नाही, हे आधीच सांगतो. भूक बाराच्या सुमारास येते, कोणी विचारत नाही म्हटल्यावर निघून जाते. त्रास होतो चहाचा. अकरा वाजता डोकं ठणकायला लागतं ते थेट संध्याकाळपर्यंत. लालाचा त्रास वेगळा, त्याला नसवार लागतो, आपल्याकडच्या तंबाखूसारखाच तो ओठाखाली धरायचा प्रकार, आणि तोही रोज्यात बंद. चार वाजल्यानंतर त्याच्या गाडीत बसावं नाही. सिग्नलला कोणी हॉर्न दिला की दात ओठ खातो आणि लगेच स्वतःच म्हणतो, नाही नाही, रोजा आहे, शिवी द्यायची नाही. खाणं सोडलं आणि तोंडाने चहाड्या चालू ठेवल्या तर नुसती उपासमार झाली, असं हे लोक मानतात. आता हे पाळायला पाण्यापेक्षा अवघड. आमच्या ऑफिसात त्या महिन्यात गप्पा निम्म्यावर आल्या होत्या.

आणि एक नियम मला फार आवडला. विसरून पाणी प्यायलात, खरोखर विसरून, तर रोजा तुटत नाही, आठवल्यावर थांबायचं आणि पुढे चालू. आजारी, प्रवासी, गरोदर बाईला सूट असते, राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे, आणि ज्याला कधीच जमणार नाही त्याने गरिबाला जेवू घालायचं. हे मी आईला मुद्दाम सांगितलं, कारण बीपीची गोळी चालू असून निर्जळी सोडत नाही ती. तिचं उत्तर, "त्यासनं त्यासजोडे, मना उपास मी सोडाव नही."

मला सगळ्यात गंमत वाटली ती घड्याळाची. संकष्टीला आमच्याकडे चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरच्या मागे गावागावाप्रमाणे बघायची पद्धत, मुंबईची वेगळी, जळगावची वेगळी, आणि ढग असले तरी वेळ झाली की ताट वाढायचं. इथे तसंच, सूर्य मावळला की रोजा सोडायचा, पण मिनिटाला चिकटून. दुबईत पोलिसांची तोफ उडते, टीव्हीवर लाईव्ह दाखवतात. आणि बुर्ज खलिफात तर मजल्याप्रमाणे वेळ बदलते! दुबईच्या मुफ्तींनी, म्हणजे धर्माचे नियम सांगणाऱ्या मोठ्या मौलवींनी, २०११ ला सांगितलं होतं की ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं उशिरा सोडायचा आणि १५० च्या वर तीन मिनिटं, कारण एवढ्या उंचीवरून सूर्य जास्त वेळ दिसतो. हे ऐकून मी अर्धा तास खूश होतो.

इफ्तार, म्हणजे रोजा सोडतानाचं खाणं, आम्ही मशिदीबाहेर करायचो. वाळूच्या बाजूला प्लास्टिकच्या लांब पट्ट्या अंथरलेल्या, दोन्ही बाजूंनी मांडी घालून माणसं, अगदी आपल्या भंडाऱ्याची पंगत. समोर खजूर, पाणी, लबन म्हणजे ताकच, एक केळं आणि डब्यात बिर्याणी. मला कोणी नाव-गाव विचारलं नाही, सरक म्हणाले आणि जागा दिली. अजान होईपर्यंत कोणी डब्याला हात लावत नाही, हातात खजूर धरून बसायचं. समोरच्या केळावरचं स्टिकर मी वाचून काढलं, फिलिपिन्स. म्हटलं काय राव, आमच्या जळगावकडच्या रावेर-यावलच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि आमच्या पंगतीला परदेशी केळं. असो. पहिला घोट पाण्याचा घेतल्यावर पाणी छातीतून खाली उतरताना कळतं, कुठपर्यंत पोचलं ते सांगता येतं.

पण मार्चमधला एसीतला रोजा, त्याचं कौतुक मी कितीसं सांगणार. दिवस तेरा तासांचा, बाहेरची हवा बरी. २०१९ ला रमजान मे महिन्यात आला होता आणि मी गावाकडे होतो. भुसावळ-जळगावकडे तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. बाजार समितीत एक चाचा हमाली करायचे, बाबांच्या ओळखीचे, पाठीवर पोतं आणि तोंडात थेंब नाही. बाबा त्यांना म्हणायचे सावलीला बसा, ते म्हणायचे बसलो तर दिवस लांबतो. मला तेव्हा ते नुसतं ऐकू आलं होतं.

चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०३० ला तर जानेवारीत एक आणि डिसेंबरात एक असे दोनदा येणार. म्हणजे पुढची काही वर्षं थंडीचे रोजे आहेत, ते मी अधूनमधून धरीन असं लालाला बोललोय. मे महिन्यातला रमजान परत येईल २०५० च्या आसपास. तोपर्यंत मला पण बीपीची गोळी लागली असेल, म्हणजे सूट आहेच.