वरवंटा

माझी पहिली कथा दिवाळी अंकात आली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. त्याआधी तीच कथा दोन ठिकाणांहून 'साभार परत' आली होती. फार लागलं होतं ते.

कथा आजीची. कोयना धरणापायी १९६०च्या सुमारास माझं आजोळ गाव सोडून सांगली जिल्ह्यात आलं. आई तेव्हा सात वर्षांची. घर सोडतानाचा प्रसंग मी दीड पान लिहिला होता. दाटलेला कंठ, पाणावलेले डोळे, मागे वळून पाहणं. लिहिताना मीच रडले होते, म्हणून तो चांगला उतरलाय अशी माझी खात्री होती.

तिसऱ्या संपादकांनी त्या दीड पानावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि समासात एकच ओळ लिहिली : 'निघताना बाईंच्या हातात काय होतं?'

मला ठाऊकच नव्हतं. आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. "वरवंटा," ती मान वर न करता म्हणाली. "पाटा कोण उचलणार? आईनं वरवंटा तेवढा लुगड्यात गुंडाळून घेतला. इथं नवा पाटा घेतला, पण त्यावर तो कधी नीट बसला नाही."

दीड पान गेलं, चार ओळी आल्या. पुढे आणखी तीनदा कथा लिहून काढली. 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांकडून असंच पुन्हा पुन्हा लिहून घेत, हे वाचलं होतं. ते मासिक १९८२मध्ये बंद पडलं; तशी पेन्सिल चालवणारे आता थोडे उरलेत. भेटले तर त्यांना सोडू नका. न भेटल्यास कथा मोठ्यानं वाचा. जिथं आवाज उगाच गहिवरतो, तिथं 'हातात काय होतं?' हा प्रश्न स्वतःलाच विचारा.

व्यवहाराचं थोडक्यात : दिवाळीसाठीची कथा मे-जूनमध्येच पाठवावी, युनिकोडमध्ये टाइप करून. एकच कथा एका वेळी दोन अंकांना देऊ नये. उत्तर येईपर्यंत दुसरी लिहायला घ्यावी.

अंक आला तेव्हा आईनं चष्मा लावून कथा सावकाश वाचली. त्या चार ओळींवर तिचं बोट बराच वेळ थांबलं. मग म्हणाली, "नीट बसला नाही, तेही लिहिलंस. बरं केलंस."