वांगाचे डाग आणि सावळी त्वचा: मी घटक कसे निवडले

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग उमटले. बाळंतपणानंतर ते आपोआप फिकट होतील असं सगळ्याजणी सांगत होत्या. काहींचे होतातही, माझे झाले नाहीत. लातूरचं ऊन, स्कूटीवरून रोजची ये-जा, त्यात आईलाही वांग होतेच. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे डागांवर काहीतरी लावायचं ठरवलं तेव्हा बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची सवय कामी आली. त्यातून काय कळलं, काय घेतलं आणि काय नाकारलं, ते माझ्यासारख्या सावळ्या बायकांसाठी सविस्तर लिहिते आहे. या विषयावरचा बराचसा सल्ला गोऱ्या त्वचेच्या अनुभवातून आलेला असतो आणि तो आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

रंग तयार करणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या बनवतात त्या रंगकणांत. आपल्यात हे कण मोठे, जास्त रंग भरलेले आणि सुटेसुटे असतात, आणि त्वचेच्या वरच्या थरांपर्यंत टिकून राहतात. उन्हात याचा फायदा होतो. तोटा असा, की त्वचेला कसलाही त्रास झाला, मग ती पुटकुळी असो, भाजणं असो, वॅक्सिंग असो की झोंबणारं क्रीम, या पेशी लगेच जास्त रंग सोडतात. म्हणजे डाग घालवायला लावलेलं औषधच त्वचेला चिडवत असेल, तर त्यातून नवा डाग पडतो. माझ्या सगळ्या निवडीचा पाया हाच राहिला. एखादा घटक किती जोरदार आहे हे नंतर, तो माझ्या चेहऱ्याला किती चिडवेल हे आधी.

काहीही विकत घेण्याआधी मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, आणि प्रत्येकीने जावं असं मला मनापासून वाटतं. चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. डॉक्टरबाईंनी केसांना कुठला डाय लावता, टिकली की कुंकू, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, मानेवर किंवा काखेत काळेपणा आहे का, असे बरेच प्रश्न विचारले. हेअर डायमधल्या पीपीडी या रंगद्रव्यामुळे किंवा कुंकवातल्या रंगांमुळे कपाळावर, कानशिलांवर करडा-काळा रंग चढू शकतो. तिथे सीरम लावून उपयोग नसतो, डाय बदलावा लागतो. मानेवरचा मखमली काळेपणा बहुतेकदा इन्सुलिनशी निगडित असतो, म्हणजे तिथे साखर तपासायची. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी वुड्स लॅम्पचा जांभळा उजेड टाकला. ओठावरचा डाग त्यात ठळक दिसला, म्हणजे रंग वरच्या थरात होता. गालावरचा मधला भाग मात्र फारसा उठून दिसला नाही. "मॅडम, तुमचा मिश्र प्रकार आहे. वरचा रंग जाईल, खालचा फक्त थोडा फिकट होईल. हे आत्ताच सांगते, म्हणजे पुढे तुम्ही घाईने काही भलतं लावणार नाही," असं त्या म्हणाल्या. काळ्या त्वचेवर हा दिवा तितकासा भरवशाचा नसतो हेही त्यांनी सांगितलं.

त्यांनी कागदावर माझी त्वचा पाचव्या प्रकारची लिहिली. उन्हाने त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते यावरून केलेली ही वर्गवारी हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडली. ती मूळची गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांचे उपचार देताना मात्रा ठरवण्यासाठी होती. पाचवा आणि सहावा प्रकार त्यात नंतर जोडले गेले. आपण उशिरा जोडले गेलो ही गोष्ट क्रीमच्या जगात अजूनही जाणवते.

मी सर्वांत जास्त वेळ सनस्क्रीनवर घालवला, आणि तो सार्थकी लागला. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो, पीए पुढची अधिकची चिन्हं खोलवर शिरणाऱ्या यूव्हीए किरणांबद्दल. पण वांगाला तिसरी गोष्टही चिडवते, ती म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दृश्य प्रकाशाने गडद त्वचेवर टिकणारा काळेपणा आला, अगदी गोऱ्या त्वचेवर तो आला नाही. नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. तो अडवतात लोहाचे ऑक्साईड, म्हणजे टिंटेड सनस्क्रीनला मातकट रंग देणारी तीच लाल, पिवळी आणि काळी पूड. लेबलवर ती सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ अशा क्रमांकांनी लिहिलेली असते. हे क्रमांक मी वहीत उतरवून दुकानात गेले. नुसतं 'टिंटेड' लिहिलेलं असून यादीत हे क्रमांक नसतील, तर ते माझ्या कामाचं नव्हतं.

अडचण आली रंगछटेची. बाजारातल्या बऱ्याच टिंटेड सनस्क्रीन माझ्या गालावर राखेसारख्या करड्या किंवा गुलाबी दिसत. आपल्या देशात विकायला ठेवलेल्या वस्तूत आपल्याच रंगाची छटा सापडू नये, याचा मला संताप येतो. शेवटी एक गडद छटा मिळाली. दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन चेहरा आणि मानेला लावायचं, कारण एसपीएफ मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा थर लावलेला असतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढं लावलं तर पाकिटावरचा आकडा आपल्या चेहऱ्यावर नसतो. दुपारच्या सुट्टीत परत लावते, स्कूटीवर ओढणीऐवजी जाड सुती स्कार्फ बांधते.

औषधाच्या घटकांमध्ये मुख्य म्हणून मी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड निवडलं. आपल्याकडे उन्हाळ्यात अंगावर शिबं येतात ना, पांढुरके चट्टे, ती मॅलासेझिया नावाच्या बुरशीमुळे. त्या चट्ट्यांमध्ये रंग कमी का होतो याचा शोध घेताना सत्तरच्या दशकात इटलीतल्या संशोधकांचं लक्ष या आम्लाकडे गेलं. गहू आणि बार्लीतही ते थोडं असतं. रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) ते रोखतं, आणि मुख्यतः अति काम करणाऱ्या मेलॅनोसाइटवरच परिणाम करतं. डागाच्या भोवतालची नेहमीची त्वचा फिकट पडत नाही, हे सावळ्या चेहऱ्यावर फार महत्त्वाचं आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत २० टक्के अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड वांगावर ४ टक्के हायड्रोक्विनोन या जुन्या औषधाच्या तोडीचं ठरलं. गरोदरपणातही ते सुरक्षित मानलं जातं, त्यामुळे वांग सुरू होतो त्याच काळात डॉक्टरांना विचारून वापरता येतं. मला हे तेव्हाच माहीत असतं तर बरं झालं असतं.

सुरुवातीला ते खाजतं आणि मुंग्या आल्यासारखं झोंबतं. मी आधी कानामागे काही दिवस लावून पाहिलं, मग चेहऱ्यावर एकाआड एक रात्र, आधी साधं मॉइश्चरायझर आणि त्यावर हे. औषधाच्या दुकानात मिळणारी ट्यूब सुंदर बाटलीतल्या १० टक्क्यांच्या सीरमपेक्षा स्वस्त पडली.

सकाळसाठी नायसिनामाइड घेतलं, ५ टक्क्यांचं. ते रंग बनणं थांबवत नाही. बनलेले रंगकण शेजारच्या पेशींना पोचवण्याचं काम अडवतं. त्वचेचा संरक्षक थरही सुधारतं, म्हणून झोंबणाऱ्या औषधासोबत ते चांगलं चालतं. दुकानात १० आणि १५ टक्क्यांचीही होती, पण जास्त टक्क्यांनी माझ्या पदरात जास्त जळजळ पडण्याचीच शक्यता होती.

व्हिटॅमिन सी नाकारलं. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड त्वचेत शिरायचं तर द्रावणाचा पीएच साडेतीनच्या खाली लागतो, आणि ते हवेने, उष्णतेने ऑक्सिडाइझ होऊन पिवळं-तपकिरी पडतं. प्रयोगशाळेत मी मुलांना हे द्रावण आयत्या वेळी ताजं बनवायला लावते, मग एप्रिलच्या लातुरात कपाटात ठेवलेल्या बाटलीवर कशी विसंबू? थंड हवेच्या ठिकाणी राहणारीने ते जरूर वापरावं.

कोजिक अ‍ॅसिड १९०७ मध्ये जपानमध्ये तांदूळ आंबवणाऱ्या बुरशीत सापडलं. डाग घालवतं, पण अंगावर उठण्याबद्दल प्रसिद्ध आहे, म्हणून सोडलं. मुळेठी, तुती वगैरेंच्या अर्कांबद्दल एक गोष्ट वाचकांना सांगायलाच हवी. 'टायरोसिनेज रोखतो' असे दावे बऱ्याचदा अळिंबीपासून काढलेल्या टायरोसिनेजवर तपासलेले असतात, आणि माणसाचं टायरोसिनेज तसंच वागतं असं नाही. माणसाच्या विकरावर हजारो रेणू तपासून निवडलेला थायमिडॉल हा घटक २०१८ मध्ये पुढे आला, तेव्हा हा फरक ठळक झाला.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड ओळखीचं निघालं. पाळीत जास्त रक्तस्राव झाला की देतात तीच ही गोळी. तिचा रेणू १९६२ मध्ये जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने जगापुढे आणला. तिने वांग फिकट होतात हे १९७९ मध्ये तिथेच लक्षात आलं. वांगासाठी कमी मात्रेत, बहुधा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, डॉक्टर देतात आणि अनेकींना चांगला गुण येतो. पण ही गोळी रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. माझ्या आईच्या पायात गुठळी झाली होती. हे ऐकताच डॉक्टरबाईंनी तो पर्याय बाजूला ठेवला. मैत्रिणीची चिठ्ठी पाहून ही गोळी दुकानातून आणू नका, हे मी माझ्या स्टाफरूममध्येही पुन्हा पुन्हा सांगते.

हायड्रोक्विनोनबद्दल लोक एक तर देव मानतात किंवा विष. ते दोन्ही नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक काळ वापरलं तर ते अजूनही सर्वांत परिणामकारक औषधांत आहे. देखरेखीशिवाय वर्षानुवर्षं लावलं तर ऑक्रोनोसिस होतो, म्हणजे त्वचेत निळसर काळा रंग कायमचा बसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या स्त्रियांमध्ये हे १९७५ मध्ये नोंदवलं गेलं आणि पुढे त्या देशाने सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. माझा डाग सौम्य औषधाला दाद देत होता, त्यामुळे आम्हाला त्याची गरज लागली नाही.

खरी भीती वाटते ती तिहेरी क्रीमची. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टिरॉइड यांचं हे मिश्रणही १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं. औषध म्हणून ते अस्सल आहे, पण थोडक्या आठवड्यांसाठी. आमच्या शेजारच्या वहिनींनी पार्लरमधून मिळालेली 'नाइट क्रीम' दीर्घकाळ लावली. आधी चेहरा उजळला, मग बंद करताच लाल झाला, आग व्हायला लागली, गालांवर लव वाढली. ही स्टिरॉइडची लक्षणं होती. त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडल्या. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडना चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम भारतात २०१८ मध्ये कडक झाला, तरी अशा डब्या मिळतात. त्याहून वाईट पाऱ्याच्या. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरं करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडांचा विकार झालेले रुग्ण डॉक्टरांना आढळले, आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला. ज्या डबीवर घटकांची यादी आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला नाही ती माझ्या घरात येत नाही.

आई मात्र सहाणेवर जायफळ उगाळून बसली होती. "अगं, आम्ही हेच लावलं, काही झालं का?" तिचा मान ठेवून मी कोपराच्या आत लावून पाहिलं, तिथे चुणचुणून लाल झालं, आणि तिने स्वतःच वाटी उचलून नेली. लिंबू मात्र तिलाही लावू दिलं नाही. लिंबातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि मागे गडद डाग ठेवतात. पार्लरमधल्या ग्लायकोलिक पीलला, म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा थर काढण्याला, आणि लेझरलाही नको म्हटलं. आपल्या त्वचेवर ते फार अनुभवी हातांतच द्यावेत.

परिणाम बघायला मी त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढत राहिले, कारण आरशात रोज बघून काहीच कळत नाही. वरचा थर पूर्ण बदलायला साधारण महिनाभर लागतो, म्हणून कुठलंही औषध दोन-तीन महिन्यांआधी फेकून द्यायचं नाही आणि दोन नवी औषधं एकाच वेळी सुरू करायची नाहीत. पावसाळा सरता सरता ओठावरचा डाग जवळजवळ गेला. गालांवरच्या कडा पुसट झाल्या. मधला करडा भाग आहे, डॉक्टरबाईंनी सांगितला होता तसाच. पुढच्या टप्प्यात रात्री अधूनमधून, मुरमांवरही वापरतात ते, ०.१ टक्का अ‍ॅडॅपलीन, अर्धा तास लावून धुवायचं, असं ठरलं आहे. थंडी असल्याने कोरडेपणाकडे लक्ष ठेवावं लागेल, आणि पुन्हा दिवस जाण्याचा विचार असेल तर हे औषध चालत नाही.

दहावीतल्या माझ्या लेकीला मुरमांचे काळे डाग आहेत, आणि तिला माझी ट्यूब हवी होती. तिचं गणित वेगळं आहे. वांगात डाग हाच आजार असतो, तिच्यात डाग हा मुरमाचा मागमूस आहे, म्हणून आधी मुरूम थांबवायचं. तिच्यासाठी डॉक्टरांनी अ‍ॅडॅपलीनपासूनच सुरुवात केली, सोबत टिंटेड सनस्क्रीन. मुरूम न फोडण्याची अट तिने स्वतः कपाटाच्या दारावर लिहून चिकटवली आहे. माझं अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड तिला नंतर लागेल, नवीन मुरूम यायचे थांबले आणि जुने डाग उरले तर.