मैत्रिणींची सावड

एका बैलानं वखर चालत नाही. म्हणून ज्याच्या दावणीला एकच बैल आहे तो तशाच दुसऱ्या शेतकऱ्याशी सावड करतो. दोन दिवस जोडी तुझ्या वावरात, दोन दिवस माझ्या. यात उपकार कोणाचा कोणावर नसतो. हिशेब चोख असतो, म्हणूनच मागताना मान खाली जात नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या बायांनी एकमेकींच्या घरच्या अडचणीत उभं राहायचं तर ते सावडीच्याच रीतीनं, असं माझं ठाम मत आहे.

या वयात सगळं एकदम येतं. सासू-सासरे थकलेले, पोरगा शिकून घरी बसलेला, पोरगी नागपूरला नाहीतर अमरावतीला खोली करून शिकते, नवऱ्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि आपली पाळी जायच्या बेतात. माहेरी आई तरी थकलेली असते, नाहीतर राहिलेली नसते. मग हाकेला येते ती दोन घरं सोडून राहणारी बाई.

ती येते आणि म्हणते, "काही लागलं तं सांगजो वं." मनापासून म्हणते. पण अडचणीतल्या बाईला काय लागेल तेच उमजत नसतं, आणि उमजलं तरी तोंडातून निघत नाही. त्यापेक्षा काम उचलूनच बोलावं: "आठ दिवस तुह्या घरच्या सकाळच्या भाकरी माह्याकडं." किंवा "ढोराचं पाणी न् शेण माह्या पोराकडं." कोणतं काम, किती दिवस, कोणत्या वेळी, हे तिन्ही ठरलेलं असलं की तिला विचारही करावा लागत नाही आणि नाही म्हणायला जागाही राहत नाही.

सावडीला चार-पाच जणी पुरे. दहा झाल्या की प्रत्येकीला वाटतं दुसरी गेलीच असेल. सगळ्याच मजुरीला जाणाऱ्या नकोत, एखादी घरी शिलाई करणारी किंवा दुकान सांभाळणारी असावी, कारण दुपारी गावात कोणीतरी हवंच. एकीला गाडी चालवता येत असेल तर फार बरं.

हंगाम मात्र धरूनच चालावं लागतं. जूनमध्ये पेरणीचा आठवडा, दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, आणि पुढं डिसेंबर-जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी. या दिवसांत कोणाचा अख्खा दिवस मागू नये. वेचणीची मजुरी किलोवर असते, गेलेला दिवस म्हणजे गेलेला रोज. तालुक्याला सोबत जावंच लागलं तर सोबतिणीचा रोज बुडाला हे तोंडानं कबूल करावं, आणि नंतर तिच्या वावरात एक दिवस वेचून द्यावा. निंदणाच्या दिवसाला निंदणाचा दिवस, अर्ध्याला अर्धा. मैत्रीत हिशेब कशाला, असं ज्या म्हणतात त्यांची मैत्री मी वाईट म्हणत नाही, पण तशा मैत्रीत गरीब बाई दोनदा मागते आणि तिसऱ्यांदा गप्प बसते.

दवाखान्याचा प्रसंग आला की सगळ्यात आधी पिशवी. रुग्णाचं आधार आणि रेशन कार्ड, मूळ प्रती आणि प्रत्येकी तीन-चार झेरॉक्स. जुने कागद तारखेप्रमाणे लावून, सगळ्यात नवा वर. सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं तशीच, कारण "पांढरी गोळी, सकाळची" यावरून डॉक्टरला काहीच कळत नाही. चार्जर, चादर, ताट-वाटी, तांब्या, आणि सुटे पैसे. सेवाग्राम असो, नागपूरचं मेडिकल असो की अमरावतीचं इर्विन, वार्डात रुग्णाजवळ एकच माणूस राहू देतात. म्हणून तिघी-चौघींनी गर्दी करून जाण्यात अर्थ नाही. एकीनं सोबत जावं, बाकीच्यांनी घर धरावं.

सोबत जाणारीचं खरं काम योजनेचं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण फक्त योजनेत असलेल्या दवाखान्यात आणि योजनेच्या यादीत असलेल्या आजाराला. दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. भरती होतानाच तिथं कागद दाखवायचे, कारण ऑपरेशनला आधी मंजुरी घ्यावी लागते. चुकतं ते इथंच: घाबरून आधी दागिना मोडून पैसे भरतात आणि चार दिवसांनी योजनेचं विचारतात. रेशन कार्डावर आणि आधारवर नाव वेगळं लिहिलेलं असलं तरी काम अडतं. ही दुरुस्ती रुग्ण खाटेवर असताना होत नसते. म्हणून उन्हाळ्यात, हात रिकामे असताना, सावडीतल्या सगळ्या जणींनी आपापले कागद एकत्र बसून ताडून घ्यावेत. योजनेची चौकशी १५५३८८ वर होते, दवाखान्याची गाडी १०८ ला. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्या म्हाताऱ्यांना प्रवास फुकट, म्हणून म्हातारीचं आधार सोबत असू द्यावं.

आता अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं. लकवा मारलेल्या सासूचं करणं हे एकट्या सुनेचं काम नाही, आणि तिनं ते एकटीनं केलं की आधी तिची कंबर जाते, मग सासूच्या पाठीला जखम होते. मैत्रिणींची गरज जिथं सगळ्यात जास्त असते ती जागा हीच, आणि पाहायला येणाऱ्या बाया इथंच नुसत्या चहा पिऊन जातात.

एक जुनी चादर घडी करून म्हातारीच्या अंगाखाली कायमची टाकून ठेवायची, खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल एवढी. कूस बदलताना दोघींनी खाटेच्या दोन बाजूंना उभं राहायचं. चादरीची कड अंगाला लागेपर्यंत मुठीत गुंडाळायची, आपले टोंगळे, म्हणजे गुडघे, थोडे वाकवायचे, आणि एकीनं "हं" म्हटलं की दोघींनी एकदमच उचलून सरकवायचं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी गादीला घासते आणि जखमेची सुरुवात तिथूनच होते. मग कुशीवर वळवून पाठीला उशी लावायची, दोन टोंगळ्यांच्या मधात गोधडीची घडी ठेवायची. उताणं निजवलं तर पोटऱ्यांखाली उशी अशी द्यायची की टाचा अधांतरी राहतील. लकव्याचा हात धरून कधी ओढू नये, खांदा निखळतो.

दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दोघींची गरज लागते ती अंग पुसायला, चादर बदलायला, वर सरकवायला. ही जड कामं दिवसातून तीन वेळांवर बसवायची: सकाळी वावरात जायच्या आधी, दुपारी जी गावात असेल तिनं, आणि दिवेलागणीला. मधल्या वेळी सून एकटीच पाठीमागची उशी काढून दुसऱ्या बाजूला लावू शकते, तेवढ्यानंही भार बदलतो. एका खेपेला दहा मिनिटं लागतात. तीन बायांच्या दहा-दहा मिनिटांत एका सुनेची रात्रीची झोप वाचते, हे मला फार मोठं वाटतं.

पुसताना माकडहाड, कुल्हे, टाचा, खांद्याची पाती बघायचीच. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून पाहावा. दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखम सुरू झाली समजा. त्या अंगावर भार देऊ नये, चोळू नये, हळद भरू नये, आणि आशाताईला त्याच दिवशी दाखवावं. गोल ट्यूब किंवा चुंबळ खाली ठेवायची पद्धत गावोगाव आहे. तिनं कडेची रक्ताची वाट दबते आणि जखम वाढते. हवेची गादी मिळाली तर घ्यावी, पण ती आहे म्हणून कूस बदलणं सोडू नये. जेवू घालताना डोकं आणि पाठ उंच हवी, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवावं. पाण्याच्या घोटाला ठसका लागत असेल तर पाणी छातीत उतरत असतं, ते डॉक्टरला सांगावं.

पैशाचं जपूनच लिहिते. मैत्रिणीला हातउसने देताना तेवढेच द्यावेत जे परत यायला वर्ष लागलं तरी मनात येणार नाही. त्याहून मोठी रक्कम बचत गटातून, नोंदीसकट, व्याजासकट. मैत्री सगळ्यात जास्त तुटते ती मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायांना गटानं छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या, गटात. तिथं पाच-दहा जणी एकमेकींच्या जामीन असतात. एकीचा हप्ता थकला की कंपनीची माणसं बाकीच्यांना बैठकीतून उठू देत नाहीत, आणि कालपर्यंत जिच्या दारात भाकरी पोहोचवली तिच्याच दारात वसुलीला उभं राहावं लागतं. म्हणून सावड आणि कर्जाचा गट एकच असू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाऊ नयेत, आणि सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढायचा विचार ऐकू आला, तर त्याच संध्याकाळी दोघींनी बसून सगळे हप्ते एका कागदावर मांडावेत. आकडा डोळ्यांपुढं आला की अर्धी घाई निघून जाते.

नवऱ्याचा, पोराचा धीर खचला की बाई ते लपवते. झोप नाही, वावरात जाणं सोडलं, लोकांना टाळतो, दारू वाढली, "माह्यामागं तुम्ही पाहून घ्या" अशी भाषा. यातलं काही कानावर आलं तर पहिलं काम फवारणीची औषधं घराबाहेर काढायचं. घरात, गोठ्यात, माळ्यावर, उरलेल्या बाटल्यासुद्धा. दुसऱ्या घरी कुलपात ठेवायच्या आणि किल्ली सावडीतल्या एकीकडं. अवघड घडी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. विचारावंही सरळ: "जीव द्याचा इचार येते का मनात?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. मग त्याला एकटं सोडायचं नाही आणि १४४१६ ला फोन लावायचा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक मदतीच्या सेवेचा हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं बायकोसोबत आणखी एखादा जाणता पुरुष गेला तर तो माणूस लवकर तयार होतो.

औषध पोटात गेलंच, किंवा फवारताना अंगावर सांडून भोवळ आली, तर १०८. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, तेव्हापासून हे प्रत्येक घराला पाठ असायला हवं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, औषध छातीत जातं. भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवायचं, शुद्ध नसेल तर कुशीवर निजवायचं, आणि बाटली लेबलसकट दवाखान्यात न्यायची. धुणाऱ्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधावी.

आपल्या अंगाचं सगळ्यात शेवटी निघतं. पाळी वर्षभर बंद होऊन पुन्हा रक्त दिसलं तर, थोडं असलं तरी, दाखवायलाच हवं. पाळीत रक्त फार जात असेल तर हिमोग्लोबिन तपासावं, लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. गर्भाची पिशवी काढायचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर सोनोग्राफी घेऊन दुसऱ्या डॉक्टरलाही विचारावं. बाई यासाठी एकटी जात नाही. दोघींनी एकाच दिवशी आपापली तपासणी ठेवली की दोघीही जातात.

सावड मोडते ती बोलण्यानं. एका घरातलं दुसऱ्या घरात गेलं की संपलं, म्हणून ऐकलेलं नवऱ्यालाही सांगायचं नाही, जिवाला धोका असेल तेवढं सोडून. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत नवरे दोन पॅनलला असतील तर त्या महिन्यात राजकारण बोलायचं नाही, भाकरी मात्र थांबवायची नाही.

हिशेबाला शंभर पानी वही पुरते. एकीला एक पान, एका बाजूला दिलेलं, दुसऱ्या बाजूला घेतलेलं: भाकरी ८ दिवस, सेवाग्राम १ दिवस, वेचणी अर्धा दिवस. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मृगाच्या आधी, सगळ्यांनी बसून जुळवायचं आणि उरलेलं निंदणात फेडायचं. ज्या घरचं माणूस गेलं त्या घराकडं त्या वर्षी काही मांडायचं नाही, पान कोरंच ठेवायचं.